नाण्याची किंमत कोण ठरवतं?

कामं आवरून बसलात ना? आज आपण रोज हातात येणाऱ्या एका वस्तूविषयी बोलणार आहोत. ती म्हणजे नाणं.

हा विषय आम्हाला सुचला तो एका बैठकीत. आमच्या एका गटाची मासिक बैठक होती. बचत दोनशे रुपये. आठवडे बाजारात भाजी विकणाऱ्या एका मावशींनी पदराची गाठ सोडली आणि दहा-दहाची वीस नाणी सतरंजीवर मांडली. सचिव ताई म्हणाल्या, "मावशी, नोटा द्या ना. ही नाणी दुकानदार घेत नाहीत. मागच्या महिन्यात बँकेतूनही परत आणावी लागली."

मावशी म्हणाल्या, "भाजी दिली तेव्हा मी घेतली की! आता चालत नाहीत म्हणजे? माझे पैसे खोटे आहेत का?"

बैठक गप्प झाली. आम्ही समन्वयक म्हणून तिथं होतो, पण आम्हालाही चटकन उत्तर देता आलं नाही. मग आम्ही वाचलं, विचारलं, आणि गटातल्या बायकांना घेऊन नाशिकच्या पांडवलेण्यांपर्यंत जाऊन आलो. त्यातून जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो.

नाणी नव्हती तेव्हाही देवाणघेवाण होतीच. आपल्या आजी-पणजीच्या काळापर्यंत सुतार, कुंभार, चांभार यांना वर्षाचं बलुतं धान्यात मिळायचं. पण धान्याची अडचण अशी की ते किडतं, भिजतं आणि दूरच्या बाजाराला नेताना जड होतं. कुणाला नुसतं मीठ हवं असेल आणि जवळ शेळी असेल, तर शेळीचा तुकडा कसा देणार? म्हणून न किडणारी, तुकडे करता येणारी आणि सगळ्यांना हवी असणारी वस्तू लोकांनी शोधली. काही ठिकाणी त्या कवड्या होत्या. 'कवडीमोल' हा शब्द तिथूनच आला.

मग धातू आला. आपल्या देशात साधारण अडीच हजार वर्षांपूर्वी चांदीचे ठरावीक वजनाचे तुकडे कापून त्यांवर सूर्य, झाड, डोंगर, प्राणी अशा खुणा ठोकायला सुरुवात झाली. त्यांना 'आहत नाणी' म्हणतात. आहत म्हणजे ठोकलेली. अशा नाण्याला 'कार्षापण' असं नाव होतं. खूण पाहिली की प्रत्येक वेळी तराजू काढायची गरज कमी व्हायची. पुढं सातवाहन राजांनी चांदीबरोबर तांब्याची आणि शिशाचीही नाणी काढली. पैठण, तेर, नेवासे, जुन्नर या आपल्या जुन्या बाजारपेठांच्या गावांत ती सापडली आहेत. चांदीचं नाणं मोठ्या व्यापाऱ्याला ठीक, पण बाजारात थोडंथोडकं घेणाऱ्याला हलक्या धातूचं छोटं नाणंच उपयोगी पडतं.

आता पांडवलेण्यांत आम्ही काय पाहिलं ते ऐका. तिथल्या दहाव्या लेण्यात भिंतीवर एक लेख कोरलेला आहे. तो सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा आहे. त्या वेळी या भागावर नहपान नावाच्या क्षत्रप राजाची सत्ता होती. त्याचा जावई उषवदात यानं ते लेणं भिक्षूंना दान दिलं. त्याची बायको, म्हणजे नहपानाची लेक दक्षमित्रा, हिनंही तिथं एक खोली दान दिली आणि तिच्या नावाचा लेख आजही तिथं आहे.

उषवदातानं लेण्याबरोबर ३००० कार्षापणही दिले. पण ते भिक्षूंच्या हातात दिले नाहीत. जवळच्या गोवर्धन गावातल्या विणकरांच्या दोन संघांकडे ते ठेव म्हणून ठेवले. एका संघाकडे २०००, दरमहा शेकडा एक व्याजानं. दुसऱ्याकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, असंही लिहून ठेवलं. आता हिशेब करा. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला २० आणि वर्षाला २४० कार्षापण. पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना कपड्यासाठी प्रत्येकी १२ द्यायचे होते. वीस गुणिले बारा, बरोबर २४०! दुसऱ्या ठेवीचे वर्षाला ९० येत, ते त्यांच्या इतर खर्चासाठी.

आमच्या बायका तिथं उभ्या राहून बोटांवर हिशेब करत होत्या, आणि तो जुळला तेव्हा एकमेकींकडे बघून हसल्या. कारण हे आपलंच काम आहे. दहा जणींनी एकत्र यायचं, पैसा जमवायचा, शेकडा दोन नाहीतर दीडनं कर्ज द्यायचं आणि व्याज गटात ठेवायचं. त्या लेखात आणखी एक गोष्ट आहे. हा सगळा व्यवहार नगराच्या सभेत वाचून दाखवला आणि फळ्यावर लिहून ठेवला, असं त्यात म्हटलंय. आपण बैठकीत जमाखर्च मोठ्यानं वाचतो आणि नोंदवहीत सह्या घेतो ना, अगदी तसंच.

याच्याशी जोडलेली दुसरी गोष्टही नाशिक जिल्ह्यातलीच आहे. १९०६ साली जोगलटेंभी गावात जमिनीत पुरलेली नाणी सापडली. तेरा हजारांहून अधिक, सगळी चांदीची, त्याच नहपान राजाची. त्यातल्या बहुतेक नाण्यांवर दुसरा छाप मारलेला होता. गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पराभव केला आणि त्याची नाणी वितळवत न बसता त्यांवरच आपली खूण ठोकून चालवली. चांदी तीच राहिली, हुकूम मात्र बदलला.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. एकाच राजवटीतला पैसा. विणकरांकडे ठेवलेल्या तीन हजारांनी सूत घेतलं असेल, माग चालले असतील, आणि दरवर्षी कुणाच्या तरी अंगावर कपडा आला. जमिनीत पुरलेले तेरा हजार कुणाच्याच कामी आले नाहीत. मडक्यातला पैसा सुरक्षित वाटतो खरा, पण तो कमावत नाही.

आता पुढं येऊ. १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई काढली. शिवराईवर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरं. राज्य गेल्यावरही ही शिवराई लोकांच्या हातात कितीतरी वर्षं फिरत राहिली. त्याच सुमाराला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला होता. आमची नाणी तुमच्या मुलखात चालावीत, अशी इंग्रजांची एक मागणी होती. त्यावर उत्तर मिळालं ते असं : नाणं कसदार आणि वजनाला पूर्ण असेल तर आमची मनाई नाही, पण ज्या नाण्यात रयतेचं नुकसान होईल ते घ्यायची सक्ती आम्ही करणार नाही. नाणं घेणाऱ्याचा तोटा होऊ नये, हा विचार महत्त्वाचा आहे.

पेशवाईत नाण्यांचे प्रकार फार वाढले. चांदवडी रुपया वेगळा, अंकुशी वेगळा. प्रत्येकाची चांदी कमी-जास्त. सारा भरताना सरकारला एक रुपया हवा आणि शेतकऱ्याच्या हातात दुसराच. मग तो सराफाकडं जायचा आणि बदलून घेताना काही रक्कम कापली जायची. त्या कापलेल्या रकमेला 'बट्टा' म्हणत. 'नावाला बट्टा लागला' असं आपण म्हणतो, तो हाच बट्टा. नाणी पारखणारे ते पोतदार. ते आडनाव आजही आपल्या गावागावांत आहे. आणि रुपया दगडावर आपटून आवाज ऐकायची पद्धत होती, म्हणून चोख माणसाला आपण 'खणखणीत नाणं' म्हणतो.

१८३५ साली इंग्रज कंपनीनं आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. एक तोळा वजनाचा, म्हणजे साधारण ११.६६ ग्रॅम, आणि त्यातले बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे किंवा बारा पै. 'पै पै जमवली', 'सोळा आणे खरं' हे बोल त्याच हिशेबातले. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. राणी व्हिक्टोरियाचा चेहरा असलेला राणीछाप रुपया बायकांनी जपून ठेवला, त्याच्या माळा केल्या. दुष्काळात, आजारपणात तो मोडता यायचा. बँक दारात नव्हती तेव्हा तीच आपल्या आज्यांची बँक होती.

पुढं महायुद्धं झाली आणि चांदी पुरेना. १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी राहिली. तांबं वाचवण्यासाठी १९४३ साली भोकाचा पैसा आला. १९४७ साली तर रुपया निकेलचा झाला, म्हणजे त्यातली चांदी पूर्ण संपली. तरीही रुपया रुपयाच राहिला. त्यावर धान्य मिळत होतं, शेतसारा भरता येत होता. म्हणजे किंमत आता धातूत नव्हती. सरकारच्या शब्दात होती, आणि तो शब्द पाळला जाईल या लोकांच्या भरवशात होती.

१ एप्रिल १९५७ ला आणे-पै जाऊन रुपयाचे शंभर 'नवे पैसे' झाले. एका आण्याचे होतात सव्वासहा पैसे. आता पाव पैसा देणार कसा? बाजारात फार गोंधळ झाला. १९६४ मध्ये 'नवे' हा शब्द गेला आणि नुसते 'पैसे' उरले. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून बंद झाली. तरी पंचवीस पैशांना आपण 'चार आणे' म्हणायचं सोडलं नव्हतं!

आता मावशींच्या प्रश्नाकडं येऊ. दहाचं नाणं खोटं आहे का? नाही. दहाची नाणी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या चित्रांची निघाली. कुणावर रुपयाचं चिन्ह आहे, कुणावर नाही. कुणावर दहा रेषा, कुणावर पंधरा. त्यावरून अफवा उठली. २०१८ साली रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलं की तोवर निघालेली चौदाच्या चौदा प्रकारची नाणी चालू आहेत. पन्नास पैशांचं नाणंही चालू आहे. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे एक रुपया किंवा त्यावरच्या नाण्यांत एका वेळी हजार रुपयांपर्यंतचं देणं देता येतं आणि पन्नास पैशांच्या नाण्यांत दहा रुपयांपर्यंतचं. बँकांनी नाणी स्वीकारावीत, अशाही रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. आम्ही शंभर-शंभर नाण्यांच्या पिशव्या बांधल्या, शाखेत गेलो आणि साहेबांना शांतपणे हे सांगितलं. नाणी खात्यात जमा झाली. मावशींची वीसही त्यात होती.

हे नाणं कुणी नाकारलं की तोटा कुणाचा होतो, याचा विचार करा. पगार खात्यात येणाऱ्याचा होत नाही. भाजीवालीचा, अंडी विकणारीचा, मजुरी करणारीचा होतो. तिनं नाणी कमी किमतीत दिली तर तो पेशवाईतला बट्टाच पुन्हा तिच्या माथी बसला.

आणखी एक सावधगिरी. आमच्या एका ताईंना मोबाईलवर निरोप आला, की देवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं द्या आणि लाखो रुपये घ्या. फक्त आधी नोंदणीचे पैसे पाठवा. ताई पैसे पाठवायला निघाल्या होत्या, बरं झालं बैठकीत बोलल्या. असल्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेनंही २०२१ मध्ये इशारा दिला आहे. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी रिझर्व्ह बँक कुणाकडून शुल्क घेत नाही आणि कुणाला तसा अधिकारही देत नाही. घरात सासूबाईंचा राणीछाप रुपया असेल तर तो घाईनं मोडू नका. मोडायचाच झाला तर सराफाकडं समोर वजन करून घ्या, चांदीचा त्या दिवसाचा भाव विचारा आणि पावती घ्या.

पुढच्या बैठकीत एक करा. मुलींनाही जवळ बसवा आणि नाण्यांवरचं साल बघा. सालाखाली छोटा हिरा असेल तर ते मुंबईच्या टांकसाळीतलं, चांदणी असेल तर हैदराबादचं, टिंब असेल तर नोएडाचं, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. आणि कुणी मावशी, कुणी आजी नाणी घेऊन आली तर ती मोजून घ्या, वहीत लिहा, आणि गटाच्या कामाला लावा.