द्वादशीचे पारणे

आमची एक जुनी विद्यार्थिनी मागील वर्षी इटलीचा प्रवास करून आली. रोम, फ्लॉरेन्स ही नगरे तिने पाहिलीच; परंतु तिच्या बोलण्यात वारंवार येई ते उंब्रिया प्रांतातील मोंतोने हे डोंगरमाथ्यावरचे चिमुकले गाव. तेथील दगडी गल्ल्या, चौदाव्या-पंधराव्या शतकांत गाजलेल्या ब्राच्चो नामक सेनानीच्या आठवणी, आणि तापल्या तव्यावर भाजलेली, आपल्या भाकरीची बहीण शोभेल अशी तेथील जाड रोटी, ह्यांचे वर्णन करताना ती थकत नसे. त्याच गावी तिने एक छायायंत्र पाहिले. ते मराठा पलटणीतील नाईक यशवंत घाडगे ह्यांच्या स्मरणार्थ 2023 साली उभारलेले आहे. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात 10 जुलै 1944 रोजी शत्रूच्या मशीनगनवर एकट्याने चालून जाऊन हा कोकणचा तरुण धारातीर्थी पडला व मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी झाला. आपण सर्व एकाच सूर्याखाली नांदतो, अशा अर्थाचे वचन त्या स्मारकासाठी योजले आहे.

हे ऐकून आमचा ऊर भरून आला; पण लगेच आम्ही तिला विचारले, “बाई, रामटेकला केव्हा गेली होतीस?” ती ओशाळून म्हणाली, “शाळेच्या सहलीला, सर. माकडे तेवढी आठवतात.” दोष तिचा नव्हे. तिला इतिहास शिकविणाऱ्यांत आम्हीही होतो. तेव्हा कार्तिक शुद्ध द्वादशीस तिला घेऊन आम्ही रामटेकची वाट धरली.

हाच दिवस का निवडला, ते सांगितले पाहिजे. गुप्तसम्राट द्वितीय चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता ही विदर्भाच्या वाकाटक घराण्यात दिली होती. पती रुद्रसेन अकाली निवर्तला, मुले लहान होती, आणि पाचव्या शतकाच्या आरंभी ह्या प्रदेशाचा राज्यकारभार एका विधवेने चालविला. तिच्या उपलब्ध ताम्रपटांपैकी दोन येथे महत्त्वाचे आहेत. एक पुण्यातील एका तांबटाच्या संग्रही मिळाला. त्यातील दान नंदिवर्धन येथून, म्हणजे रामटेकजवळच्या आजच्या नगरधनहून, दिलेले आहे. दुसरा महानुभावांच्या ऋद्धपूरचा. तो ‘रामगिरीच्या स्वामीच्या पायांपासून’ दिला आहे. दोहोंची तिथी एकच : कार्तिक शुद्ध द्वादशी. आदल्या दिवशी प्रबोधिनी एकादशी. राणीने उपोषण करून, देवाच्या पादुकांशी बसून, पारण्याच्या दिवशी भूमिदान केले, असा ह्याचा सरळ अर्थ होतो.

आता ‘मेघदूत’ आठवावे. कालिदासाचा यक्ष ज्या पर्वतावर शापाचे दिवस कंठतो तोही रामगिरीच, आणि त्याच्या उतारांवर रघुपतीची पावले उमटलेली आहेत, असे कवी सांगतो. टीकाकार मल्लिनाथाने हा पर्वत चित्रकूट मानला. कोणी तो सरगुज्याकडे नेला. परंतु नागपूरचे विद्वान महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी ह्यांनी रामटेकचा पक्ष आयुष्यभर साधार मांडला, आणि तो आम्हांस मान्य आहे. ह्यात एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. यक्षाचा शाप संपावयाचा तो विष्णु शेषशय्येवरून उठेल तेव्हा, म्हणजे प्रबोधिनीस. कवीच्या विरहाचा शेवट आणि राणीचे दान ह्यांत एका रात्रीचे अंतर आहे!

गडावर चढताना वाटेत दोन नरसिंहमंदिरे लागतात. त्यांपैकी केवल नरसिंहाच्या भिंतीवर चुन्याच्या थरांखाली एक शिलालेख शतकानुशतके दडलेला होता. तो 1980 नंतरच्या दशकात उजेडात आला. प्रभावतीच्या कन्येने मातेच्या पुण्यस्मरणार्थ देवालय बांधल्याचे व सुदर्शन नावाच्या तलावाचे उल्लेख त्यात आहेत. भक्तांनी श्रद्धेनेच भिंत रंगविली आणि त्या श्रद्धेनेच लेख झाकला. आमची विद्यार्थिनी त्या भिंतीपाशी बराच वेळ उभी राहिली. शेवटी म्हणाली, “सर, शाळेच्या सहलीला मी ह्याच भिंतीला टेकून डबा खाल्ला असेन.”

माथ्यावरचे राममंदिर भोसल्यांच्या काळी नांदते झाले. पहिल्या रघूजींच्या नवसाची व सूर नदीत सापडलेल्या मूर्तींची कथा तेथे आजही सांगतात. खाली अंबाळा तलावाचे घाट दिसत होते. दर्शन आटोपून आम्ही पायथ्याशी एका ओळखीच्या घरी पारण्यास बसलो. नव्या तांदळाचा गोळाभात, त्यावर हिंग-मोहरीची कढत फोडणी, झुणका, जवसाची चटणी, वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकरी असा बेत होता. घरच्या आजीबाई वाढता वाढता म्हणाल्या, “बारशीला पंगतीत कोणी परका असलाच पाहिजे, नाहीतर पारणं फळत नाही.” त्यांना प्रभावतीचे नावही ठाऊक नव्हते. जेवणानंतर रामटेकचे नामांकित कपुरी पान आले.

तीन दिवसांनी, त्रिपुरी पौर्णिमेस, येथे यात्रा भरते. ही यात्रा राणीच्या काळापासून अखंड चालत आली आहे, असे आम्ही म्हणणार नाही; इतिहासाच्या अभ्यासकाने पुराव्याच्या पुढे पाऊल टाकू नये. परंतु महिना तोच, डोंगर तोच, आणि उपवास सोडताना दुसऱ्याच्या पानात आधी वाढावे ही बुद्धीही तीच, एवढे तर निश्चित. ताम्रपटावर जे दान कोरले गेले त्याचाच एक लहान अंश त्या आजीबाईंच्या पंगतीत आमच्या वाट्याला आला.

मोंतोनेकरांनी परमुलखातून आलेल्या एका शिपायाचे नाव विसरू दिले नाही. आपल्या मुलखावर राज्य केलेल्या स्त्रीचे नाव आपल्या किती घरांत ठाऊक आहे? इटलीस अवश्य जावे. दुसऱ्याचे गाव नीट पाहिल्यानेच स्वतःचे पाहण्याची दृष्टी येते. परतीच्या वाटेवर विद्यार्थिनीने आपण होऊन गाडी नगरधनकडे वळवावयास सांगितली. तेथील अलीकडच्या उत्खननात राणीचे नाव व शंखाचे चिन्ह असलेली मातीची मुद्रा सापडली आहे, हे आम्ही तिला जेवताना सांगितले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा सूर्य मावळत होता. मागे वळून पाहिले तर डोंगरावर दिवे लागले होते.