पाटी बदला, पण जुनं नाव राखा

बाजारपेठेतलं एखादं दुकान दुसऱ्या गल्लीत गेलं की जुन्या शटरवर एक कागद चिकटवलेला दिसतो, 'दुकान मागच्या गल्लीत हलवले आहे.' या कागदाला खर्च तो काय! पण तो लावला नाही, तर वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक बंद शटर बघून परत फिरतं. इंटरनेटवरच्या दुकानांचंही असंच आहे. तिथल्या पत्त्याला 'डोमेन नेम' म्हणतात. एकेका धंद्याकडे अशी पाच-दहा नावं साठतात. प्रत्येकाचे पैसे दरवर्षी भरायचे. मग मालकाला प्रश्न पडतो, यातली ठेवायची कुठली आणि सोडायची कुठली? प्रश्न हिशोबाचा वाटतो. पण त्याचं उत्तर या नावांच्या इतिहासात दडलेलं आहे.

सुरुवातीला जोडलेले कॉम्प्युटर मोजकेच होते. त्यांची नावं आणि क्रमांक यांची एकच यादी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जाई. एलिझाबेथ फाइन्लर आणि त्यांचे सहकारी ती सांभाळत. कॉम्प्युटर वाढले आणि यादी आवरेना. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी आजची डोमेन नावांची व्यवस्था आखली. १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स या अमेरिकन कंपनीनं पहिलं 'डॉट कॉम' नाव नोंदवलं. त्या काळी नाव फुकट मिळे. सप्टेंबर १९९५ पासून दोन वर्षांना शंभर डॉलर पडू लागले. नाव ठेवावं की सोडावं, हा विचार तिथून सुरू झाला.

मोठमोठ्या कंपन्यांनाही या नावांचं मोल उशिरा कळलं. १९९४ मध्ये एका अमेरिकन पत्रकारानं चक्क मॅकडोनाल्ड्सचं नाव स्वतःकडे नोंदवलं. तोवर त्या कंपनीनं ते घेतलेलंच नव्हतं! आपल्याकडे १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयात 'रेडिफ'चा खटला गाजला. प्रतिपक्षानं इंग्रजी स्पेलिंगमधलं एकच अक्षर बदलून 'रॅडिफ' घेतलं होतं. न्यायालयानं रेडिफच्या बाजूनं कौल दिला आणि डोमेन नेम हा नुसता पत्ता नसून त्याला ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळायला हवं, असं म्हटलं. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही 'सिफी'च्या प्रकरणात हीच दिशा पक्की केली. आणि १९९९ च्याच नाताळात मायक्रोसॉफ्ट आपल्या 'पासपोर्ट डॉट कॉम'चे पैसे भरायला विसरली. हॉटमेलची दारं अडली. शेवटी एका त्रयस्थ प्रोग्रॅमरनं पस्तीस डॉलर भरले, तेव्हा काम मार्गी लागलं.

आता या नावांचा आणि गूगलवर वर दिसण्याचा संबंध काय? पूर्वीची शोधयंत्रं मुख्यतः पानावरचे शब्द बघत. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ च्या सुमारास वेगळी रीत आणली. एखाद्या पानाकडे इतर कोण बोट दाखवतं, हे त्यांचं यंत्र मोजू लागलं. म्हणजे शिफारस आली. शिफारस पंचांची की ऐऱ्यागैऱ्याची, हेही बघणं आलं. पण ही शिफारस कुणाच्या नावे जमा होते? त्या पत्त्याच्या नावे. एखाद्या वर्तमानपत्रानं, कॉलेजनं दहा वर्षांपूर्वी दिलेला दुवा जुन्याच नावाकडे जातो. ते नाव सोडलं की दहा वर्षांची साख वाऱ्यावर.

हे लक्षात आल्यावर हिकमती लोकही जागे झाले. 'स्वस्त बूट' किंवा 'कर्ज ताबडतोब' अशा धर्तीची नावं घ्यायची आणि पोकळ साइट उभी करायची, असा धंदा चालला. सप्टेंबर २०१२ मध्ये गूगलनं असल्या निकृष्ट साइटना खाली ढकललं. मग दुसरी युक्ती आली. कुणी सोडून दिलेलं जुनं, इभ्रतीचं नाव उचलायचं आणि त्या पुण्याईवर भलताच माल खपवायचा. मार्च २०२४ मध्ये गूगलनं यालाही गैरप्रकारांच्या यादीत घातलं. तरी बंद पडलेल्या संस्थेच्या नावावर जुगाराची जाहिरात झळकते, तेव्हा मान खाली जाते ती मूळ माणसांचीच.

नाव बदलण्याची किंमत बघायची तर अमेरिकेतल्या 'ओव्हरस्टॉक'चं उदाहरण घ्या. या कंपनीनं साडेतीन लाख डॉलर मोजून 'ओ डॉट सीओ' हे आटोपशीर नाव घेतलं आणि २०११ मध्ये त्याचा डंका पिटला. लोक सवयीनं 'ओ डॉट कॉम' टाइप करत राहिले. त्याच वर्षी कंपनी माघारी वळली. २०२३ मध्ये तिनं दिवाळखोरीत गेलेल्या 'बेड बाथ अँड बियाँड'चं नाव दोन कोटी पंधरा लाख डॉलरला घेतलं आणि ओव्हरस्टॉकची पाटी उतरवली. २०२४ मध्ये ओव्हरस्टॉक पुन्हा उघडावं लागलं.

मग लहान व्यापाऱ्यानं काय करावं? ज्या नावाकडे इतरांचे दुवे येतात, जे बिलांवर आणि गिऱ्हाइकांच्या तोंडी आहे, ज्यावर ई-मेल येतात, ते कधीही सोडू नये. सोडलेलं नाव दुसऱ्यानं घेतलं, तर आपली पत्रं त्याच्या हाती पडू शकतात. चालू दुकान एकाच नावावर ठेवावं आणि बाकीच्यांवरून तिकडे कायमचा वळसा द्यावा. तंत्रज्ञ याला 'तीनशे एक' म्हणतात. वळसा पानापानाचा असावा. सगळ्यांना मुख्य दारात आणून सोडू नये. गूगल तो किमान वर्षभर ठेवायला सांगतं. जमेल तितका जास्त ठेवला तर उत्तम. तीच साइट पाच नावांवर पाचदा मांडून काही हाती लागत नाही. आपल्या नावाशी मिळतंजुळतं, फसवणुकीला सोपं असं एखादं नाव राखणीसाठी ठेवावं. आणि नुसत्या शब्दांच्या लोभानं घेतलेली, कधी न वापरलेली नावं खुशाल सोडून द्यावीत.

२०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' नावं मिळतात. आपल्या लिपीत पाटी लावण्याचा आनंद मोठाच. ती जरूर लावावी; पण तिच्यासाठी जुनी उतरवू नये. आम्हा गझल लिहिणाऱ्यांत तखल्लुस बदलायची मुभा असते, पण श्रोते जुन्याच नावानं हाक मारतात. त्या हाकेला ओ देणारं कुणीतरी तिथं असायला हवं. वर्षाकाठी काही शे रुपयांत हे होतं. गेलेलं नाव परत मिळवायला मात्र कधी कधी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते.