विद्यापीठांतील चिनी भाषा : एका अध्यापनाची कुळकथा

परकीय भाषेचा वर्ग विद्यापीठात कोणत्या हेतूने उघडला गेला, यावरून त्या वर्गातून पुढे कोणत्या जातीचे वाचक, दुभाषे व भाषांतरकार बाहेर पडणार हे पुष्कळ अंशी ठरून जाते. अभ्यासक्रम पुढे बदलतात, पुस्तके बदलतात, शिक्षकही बदलतात. परंतु मूळ हेतूचा ठसा सहसा पुसला जात नाही. फ्रेंच किंवा जर्मन यांच्या बाबतीत ही गोष्ट चटकन ध्यानात येत नाही, कारण त्या भाषा आपल्याकडे इंग्रजीच्या बोटाला धरून आल्या आणि आपण त्यांकडे युरोपीय विद्येचे एक अंग म्हणूनच पाहिले. चिनीचे तसे नाही. ती आपल्या विद्यापीठांत आली ती वेगळ्याच दाराने, आणि तिच्या आगमनाची हकीकत शंभर वर्षांच्या आतबाहेरची असल्यामुळे नीट तपासताही येते.

या हकीकतीची पूर्वपीठिका अर्थातच फार जुनी आहे. इसवी सन ६७१ मध्ये इत्सिंग हा चिनी भिक्षू भारताकडे निघाला तेव्हा वाटेत श्रीविजय येथे तो सहा महिने थांबला आणि संस्कृत व्याकरण शिकला. भारतात जाऊ इच्छिणाऱ्या आपल्या देशबांधवांनी आधी तेथे एक-दोन वर्षे राहून तयारी करावी, अशी शिफारसही त्याने पुढे लिहून ठेवली. परभाषेच्या पूर्वतयारीच्या वर्गाविषयीचा इतका व्यवहारी सल्ला आजच्या एखाद्या माहितीपत्रकातही क्वचितच सापडेल. उलट दिशेने गेलेले आपले पंडितही होते. उज्जयिनीचा परमार्थ सहाव्या शतकात चीनमध्ये गेला आणि तेथेच भाषांतरे करीत वारला. परंतु भारतात राहून कोणी चिनी शिकल्याचा मागमूस लागत नाही. शिकण्यासाठी ते येत, शिकवण्यासाठी आपण जात असू. ही एकेरी वाट विसाव्या शतकापर्यंत तशीच राहिली.

तिला पहिला फाटा फुटला तो शांतिनिकेतनात. १९२१ साली विश्वभारतीची स्थापना झाली, आणि त्याच वर्षी फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेव्ही हे तेथे पाहुणे प्राध्यापक म्हणून आले. त्यांनी चिनी व तिबेटी शिकवण्यास प्रारंभ केला. त्यांच्यापाशी शिकलेल्या प्रबोधचंद्र बागची यांनी पुढे पॅरिसला जाऊन चीनमधील बौद्ध वाङ्मयावर आपला फ्रेंच ग्रंथ सिद्ध केला. त्याचा पहिला खंड १९२७ साली व दुसरा १९३८ साली प्रसिद्ध झाला. १९२५ मध्ये इटलीहून जुझेप्पे तुच्ची आले. तेही चिनी आणि तिबेटी शिकवीत. या नामावळीत एक गोष्ट डोळ्यांत भरण्यासारखी आहे. भारतीय विद्यार्थ्याला चिनी शिकवणारे हे आरंभीचे गुरू एक फ्रेंच, तर दुसरे इटालियन. दोघेही मुळात संस्कृतचे पंडित. चिनीकडे ते वळले ते संस्कृतात नष्ट झालेले ग्रंथ चिनी भाषांतरांत शिल्लक होते म्हणून. ज्या घरातील दागिने हरवले त्या घराने शेजाऱ्याच्या पेटीची किल्ली मागावी, तशी ही भाषा आम्ही मागितली. पेटी ज्याची, त्याच्या संसाराविषयी विचारपूस करावी असे फारसे कोणास वाटले नाही.

रवींद्रनाथांना मात्र ते वाटत होते. १९२४ साली ते चीनला जाऊन आले होते; तेथील तरुण कवी व विचारवंत यांच्याशी त्यांचा प्रत्यक्ष परिचय झाला होता, त्यांच्यापैकी काहींचा विरोधही त्यांनी अनुभवला होता. १९२८ साली हूनान प्रांताचे तान युन-शान हे शांतिनिकेतनात आले, आणि चिनी शिकवण्यास प्रथमच दीर्घकाळ टिकणारा चिनी शिक्षक लाभला. त्यांच्या खटपटीतून १४ एप्रिल १९३७ रोजी, बंगाली नववर्षाच्या दिवशी, चीनभवनाचे उद्‌घाटन झाले. अध्यक्षस्थानी जवाहरलाल नेहरू यावयाचे होते. ते आजारी पडल्यामुळे इंदिरा नेहरू यांनी त्यांचा संदेश आणला. ग्रंथ चीनमधून भेटीदाखल आले. भवनाचा उद्देश दोन संस्कृतींच्या मैत्रीचा होता, यात शंका नाही. पण प्रत्यक्षात जे ग्रंथ उघडले गेले ते बहुतांशी त्रिपिटकाचे. लू शुन १९३६ साली नुकताच वारला होता, चिनी गद्याने बोलभाषेचा स्वीकार करून पंधरा-वीस वर्षे लोटली होती. ही सारी उलथापालथ वर्गाच्या दाराबाहेर थांबली होती.

याच सुमारास पुण्यात जे चालले होते त्याकडे आता वळावयास हवे, कारण मराठी वाचकाला तो भाग जवळचा असूनही अपरिचित आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात धर्मानंद कोसंबी यांनी १९१२ पासून काही वर्षे पाली शिकविली. त्यांच्या शिष्यांपैकी पुरुषोत्तम विश्वनाथ बापट यांनी हार्वर्डला जाऊन ‘विमुत्तिमग्ग’ व ‘विसुद्धिमग्ग’ या दोन ग्रंथांचा तौलनिक अभ्यास केला. यांपैकी पहिल्याची मूळ पाली संहिता अनुपलब्ध. तो उरला होता सहाव्या शतकातील चिनी भाषांतरात. बापटांचा ग्रंथ पुण्यास १९३७ साली, म्हणजे चीनभवन उघडले त्याच वर्षी, छापला गेला. पुढे ‘अर्थपदसूत्रा’चे चिनीवरून केलेले त्यांचे भाषांतर विश्वभारतीने १९५१ साली काढले. दुसरे वासुदेव विश्वनाथ गोखले. यांनी जर्मनीतील बॉन येथे १९३० साली एका बौद्ध ग्रंथाचे चिनीवरून थेट जर्मनमध्ये भाषांतर करून पदवी मिळविली. मराठी मातृभाषेच्या माणसाने चिनी ग्रंथ जर्मनमध्ये न्यावा, आणि त्याच्या विद्वत्तेचा मराठीला मात्र स्पर्शही होऊ नये, ही त्या काळची रीतच होती. बापटांची चिनीवरील भाषांतरेही इंग्रजीतच झाली. याबद्दल या थोर अभ्यासकांस बोल लावणे अन्यायाचे होईल. त्यांचा वाचकवर्ग लायडन, पॅरिस, क्योतो येथे होता, आणि तो मराठी वाचीत नव्हता.

गोखल्यांच्या बाबतीत एक प्रसंग विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. राहुल सांकृत्यायन यांनी तिबेटातील मठांतून संस्कृत पोथ्यांची जी छायाचित्रे आणली, त्यांत असंगाच्या ‘अभिधर्मसमुच्चया’चे त्रुटित अंश होते. त्यांचे संपादन गोखल्यांनी केले व ते १९४७ साली प्रसिद्ध झाले. या कामात त्यांच्याबरोबर पुण्यास बसले होते ते चिन ख-मु हे चिनी तरुण. हे गृहस्थ १९४१ साली भारतात आले. सारनाथ येथे त्यांनी धर्मानंद कोसंबींपाशी संस्कृत व पालीचे अध्ययन केले. अर्धवट वाचता येणारे संस्कृत छायाचित्र, तिबेटी भाषांतर आणि ह्युएनत्संगाचे चिनी भाषांतर अशी तीन भाषांची ती जुळवणी होती. गोव्याच्या सांखवाळात जन्मलेल्या गुरूचा चिनी शिष्य पुण्यात एका मराठी पंडितासह संस्कृत ग्रंथ जोडीत बसला आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणले म्हणजे त्या दशकात केवढी शक्यता हाताशी होती याची कल्पना येते. १९४६ साली चिन मायदेशी परतले. पुढे काय झाले ते यथाक्रम येईलच.

आपल्या बाजूने १९४७ साली काही विद्यार्थी पेकिंगला गेले. त्यांपैकी दोघांच्या वाटा परस्परांहून अगदी भिन्न झाल्या, आणि त्या दोन वाटांतच या साऱ्या अध्यापनाचे भवितव्य दिसते. वसंत परांजपे हे मराठी गृहस्थ परराष्ट्रसेवेत गेले. १९५४ च्या ऑक्टोबरात नेहरू चीनला गेले तेव्हा दुभाष्याचे काम त्यांनी केले. दुसरे अवनींद्रनाथांचे नातू अमितेंद्रनाथ ठाकूर. यांचे शिक्षण चीनभवनात झाले होते. परंतु तेथून बाहेर पडून त्यांनी जे हाती घेतले ते त्रिपिटक नव्हे, तर १९१८ ते १९३७ या काळात चिनी लेखकांत झालेले वाङ्मयीन वाद. लाओ-त्सचा ग्रंथही त्यांनी मूळ चिनीवरून बंगालीत आणला. वादांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६७ साली तोक्योस प्रसिद्ध झाला, आणि ते स्वतः पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाले. आधुनिक चिनी साहित्याकडे साहित्य म्हणून पाहणारा पहिल्या फळीतील भारतीय अभ्यासक आपल्या विद्यापीठांस टिकवून धरता आला नाही, हे नमूद करणे भाग आहे. ज्या देशात सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस रणभूमीवरच चिनी बोलावयास शिकले आणि १९४२ साली तेथेच निवर्तले, त्या देशाच्या कादंबऱ्या मात्र आपल्याकडे इंग्रजीच्या वळणावरूनच येत राहिल्या. माझ्या पिढीने लू शुन वाचला तो यांग श्यान-यी व ग्लॅडिस यांग या दांपत्याच्या इंग्रजीत. ते इंग्रजी उत्तम आहे, पण ते इंग्रजी आहे.

१९६२ च्या युद्धाने या कथेला जे वळण दिले ते सर्वविदित आहे. चिनी भाषा आता शत्रूची भाषा ठरली, आणि म्हणूनच, हे कितीही विचित्र वाटले तरी, तिच्यासाठी पैसा उपलब्ध झाला. दिल्ली विद्यापीठात १९६४ साली चिनी अभ्यासाचे केंद्र निघाले. ‘अभ्यास’ या शब्दाचा येथील अर्थ राज्यकारण, अर्थकारण आणि परराष्ट्रधोरण असा होता. भाषा ही त्या अभ्यासाची चाकरी करणार होती. पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठात भाषेचे स्वतंत्र पदवी-शिक्षण सुरू झाले आणि काही चांगले भाषांतरकार निर्माण झाले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु देशभरच्या विद्यापीठांतून जो साचा रूढ झाला तो प्रमाणपत्र, पदविका आणि उच्च पदविका या तीन पायऱ्यांचा: सकाळी किंवा सायंकाळी भरणारा, दुसरी पदवी अथवा नोकरी सांभाळून करावयाचा. असा एक वर्ग मीही एका विद्यापीठात केला आहे, चिनीचा नव्हे. उपाहारगृहात पदार्थ मागवणे, आगगाडीची वेळ विचारणे आणि कार्यालयास पत्र लिहिणे इतके आम्हांस उत्तम येऊ लागले. तिसऱ्या वर्षी एक लघुकथा पाठ्यपुस्तकात होती. तीही व्याकरणाच्या उदाहरणांसाठी. शिक्षिका जीव ओतून शिकवीत, त्यांचा काहीच दोष नव्हता. तो अभ्यासक्रम ज्यासाठी आखला होता ते काम तो चोख करीत होता.

सारांश असा नव्हे की, व्यावहारिक भाषाशिक्षण त्याज्य आहे. दुभाष्याशिवाय राष्ट्राचा कारभार चालत नाही, आणि व्यापारी संस्थेस दुभाषी हवा असल्यास विद्यापीठाने नाक मुरडण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो मधल्या रिकाम्या जागेचा. एका टोकाला त्रिपिटकाचा पंडित, दुसऱ्या टोकाला सरकारी किंवा व्यापारी दुभाषी. त्यांच्यामध्ये जो माणूस बसावयास हवा, म्हणजे एखाद्या परक्या कादंबरीची लय कानात साठवून ती आपल्या भाषेत उतरवू शकेल असा, त्याच्यासाठी आपल्या बहुतेक विद्यापीठांत खुर्चीच मांडलेली नाही. त्याने ती स्वतः घरून आणावी, अशी अपेक्षा.

आता चिन ख-मु यांच्याकडे परत यावयाचे. ते परतले त्याच वर्षी, १९४६ साली, जर्मनीतील ग्योटिंगेन येथे दहा वर्षे संस्कृत शिकून आलेले ची श्यान-लिन हे पेकिंग विद्यापीठात पौर्वात्य भाषांच्या विभागाचे प्रमुख झाले. पुढे चिनही तेथेच आले. १९५६ साली ची यांचे ‘शाकुंतल’ आणि चिन यांचे ‘मेघदूत’ चिनीत प्रसिद्ध झाले, दोन्ही थेट संस्कृतावरून. हिंदी तेथे १९४० नंतरच्या दशकापासूनच शिकविली जात होती. १९५८ साली प्रेमचंदांचे ‘गोदान’ मूळ हिंदीवरून चिनीत आले. १९६० साली या दोघा अध्यापकांनी पेकिंग विद्यापीठात संस्कृत-पालीचा पदवी वर्ग उघडला. विद्यार्थी जेमतेम दीड डझन, मुदत पाच वर्षे, आणि ती पाच वर्षे दुसरे काही करावयाचे नाही. वर्ग १९६५ साली संपला. लगेच सांस्कृतिक क्रांतीची वावटळ आली. ची यांना वसतिगृहाच्या दरवाजावर राखणदार म्हणून बसविण्यात आले, आणि त्या काळात त्यांनी कागदाच्या चिठोऱ्यांवर वाल्मीकिरामायणाचे भाषांतर चालू ठेवले. ते १९८० ते १९८४ या काळात आठ खंडांत छापले गेले.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो रास्त आहे. चीनमध्ये हे घडले ते शासनाच्या आज्ञेने व खर्चाने. प्रकाशनसंस्था सरकारी, पगार सरकारी, आणि कोणता ग्रंथ भाषांतरित व्हावा हेही सरकारच ठरवीत असे. त्या पद्धतीची किंमत ची यांच्यासारख्यांनी कशी मोजली ते वर आलेच आहे. ती किंमत आपण मोजावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु पाच वर्षांचा सलग वर्ग, दोन अध्यापक आणि शेवटी एक ग्रंथ भाषांतरित करावयाचा आहे ही प्रारंभापासूनची जाणीव, या तीन गोष्टींना हुकूमशाही लागत नाही. १९४७ च्या पुण्यात त्यांतल्या निदान दोन होत्या. त्रिपिटकाची किल्ली म्हणून शिकलेली चिनी जर पुढच्या पिढीत लू शुनपर्यंत पोहोचली असती, तर आज मराठीत चिनी कथेची एक स्वतंत्र परंपरा असती, असे मानण्यास जागा आहे. बापट आणि गोखले दोघेही पुढे दिल्ली विद्यापीठाच्या बौद्ध अध्ययन विभागात गेले. पुण्यातील चिनीचा तो धागा त्यांच्यामागे कोणी धरला नाही.

पेकिंगच्या त्या १९६० च्या वर्गातील विद्यार्थ्यांपैकी हुआंग पाओ-शेंग व त्यांचे काही सहाध्यायी यांनी पुढे महाभारताचे भाषांतर अंगावर घेतले. काम वर्षानुवर्षे चालले. मध्ये सहकारी वारले, माणसे बदलली. २००५ साली ते सहा खंडांत पूर्ण प्रसिद्ध झाले. संहिता त्यांनी घेतली ती पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीची.