पिठाचा पापुद्रा आणि मातीचें पोट

गव्हाच्या कणकेचा गोळा पाण्याखालीं मळीत राहिलें, तर सत्त्व धुऊन जातें आणि हातांत रबरासारखा चिवट लगदा उरतो. इटलींतील बोलोन्या येथील वैद्य याकोपो बेकारी यांनीं १७२८ सालीं ही गोष्ट तेथील विद्वत्सभेपुढें मांडली. १७४५ मध्यें ती छापून प्रसिद्ध झाली. सत्त्व नुसतें आंबतें, पण हा लगदा मांसाप्रमाणें सडतो, असेंही त्यांना आढळलें. हा लगदा म्हणजे ग्लुटेन, गव्हाचें प्रथिन. मक्यांतील प्रथिन अमेरिकेंत बोस्टनच्या जॉन गोरहॅम यांनीं १८२१ मध्यें वेगळें केलें. या दोहोंचे पातळ पापुद्रे करतां येतात.

सडण्याचें कारण कळावयास मात्र पाश्चर यांची वाट पाहावी लागली. श्रोतेहो, सूक्ष्मजंतूंना तोंड नसतें; ते आपला पाचक रस बाहेरच सोडतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची लांब माळ. पाण्याच्या साहाय्यानें तो रस माळेचे सांधे तोडतो आणि सुटे मणी जंतूंच्या देहांत शिरतात. अखेरीस उरतात कर्बवायु, पाणी आणि अमोनिया. अमोनियाचें मातींतच नायट्रेट होतें व तें पिकाच्या मुळांना मिळतें.

उद्योगधंद्यांना हें सडणें म्हणजे दोषच वाटला. ब्रिटनमधील इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीनें भुईमुगाच्या प्रथिनापासून ‘आर्डिल’ नांवाचा धागा काढला; तो टिकावा म्हणून फॉर्माल्डिहाइडनें माळा एकमेकींत जखडल्या. डमफ्रीझ येथील त्याचा कारखाना १९५१ मध्यें सुरू झाला आणि १९५७ मध्यें उत्पादन थांबलें. याच कंपनीच्या प्रयोगशाळेंत १९३३ सालीं पॉलिथीन सांपडलें होतें. जंतूंच्या रसाला सहज तुटेल असा सांधा त्यांत नाहीं. जग त्याच्या मागें लागलें, आणि आज तेंच नदीनाल्यांत सांचून राहिलें आहे.

फ्रान्समधील संशोधकांनीं २००४ मध्यें ग्लुटेनच्या वस्तूंची परीक्षा प्रसिद्ध केली. शेताच्या मातींत त्या ५० दिवसांच्या आंत पूर्ण विघटित झाल्या. पाणी लागलें कीं असे पापुद्रे नरम पडतात, ही उणीव खरीच. पण ती घालविण्यासाठीं माळा फार जखडल्या, तर जंतूंचें काम अवघड होतें. म्हणून वस्तु किती टिकते एवढेंच न पाहतां, तिनें किती काळ टिकावें हें आधीं ठरविलें पाहिजे. घटकाभर वापरावयाच्या वेष्टनाला पिढ्यान्‌पिढ्यांचें आयुष्य कशास हवें?