ऑफिसमध्ये इंटरनेट कॉल तुटतात? आधी राऊटरचं क्यूओएस बघा

नगरच्या सावेडी भागात आमचं छोटं ऑफिस आहे. कुणी मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर अपलोडला लावला, की ग्राहकाचा कॉल 'हॅलो, हॅलो'वर येतो. अशा वेळी बरेच जण सरळ मोठा प्लॅन घेतात. माझ्या मते त्याआधी हिशोब करावा.

जी.७११ कोडेकवरचा एक कॉल एका दिशेला साधारण ८७ केबीपीएस घेतो. पाच कॉल धरले तरी अर्धा एमबीपीएस होत नाही. म्हणजे स्पीड पुरतो, अडतं ते रांगेत. आवाजाची छोटी पॅकेट्स व्हिडिओच्या ढिगामागे थांबतात. आयटीयूच्या शिफारशीप्रमाणे आवाज समोर पोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागू नयेत; भरलेल्या रांगेत तेवढे सहज जातात.

राऊटरमधलं क्यूओएस यासाठीच असतं. पण नुसतं 'ऑन' करून भागत नाही. रांग बऱ्याचदा पुढे मोडेममध्ये साचते आणि तिथे तुमचा नियम चालत नाही. म्हणून नेट मोकळं असताना स्पीड टेस्ट करा आणि क्यूओएसमध्ये अपलोड मर्यादा त्याच्या ९० टक्के टाका. टेस्टमध्ये १० एमबीपीएस आले, तर ९. आता रांग तुमच्याच राऊटरमध्ये लागते. मग आयपी फोनला प्राधान्य द्या. बरेचसे फोन आवाजाच्या पॅकेटवर डीएससीपी ४६ हा शिक्का मारतातच. (इंटरनेटवर पुढे तो कुणी पाळेल, ही अपेक्षा नको.)

राऊटरवर ओपनडब्ल्यूआरटी असेल तर एसक्यूएममध्ये 'केक' निवडा. तो प्रत्येकाला वाटा देतो, त्यामुळे मोबाइलवरचे व्हॉट्सॲप कॉलही सावरतात.

वायफायचा सिग्नलच कमजोर असेल, तर मात्र आधी डेस्कफोनपर्यंत केबल ओढा.