वणव्यापासून घराचे रक्षण

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याला वणवे नवे नाहीत. मात्र शहरांच्या सीमा डोंगरउतारांना भिडल्यापासून रानातली आग थेट अंगणात येऊ लागली. ऑक्टोबर १९९१ मध्ये ओकलंडच्या टेकड्यांवरील आगीत २५ जणांचा बळी गेला. २००३ साली सॅन डिएगो परगण्यातील ‘सीडर’ वणव्याने दोन हजारांहून अधिक घरे भस्मसात केली. नोव्हेंबर २०१८ मधील ‘कॅम्प’ वणव्यात पॅराडाइज हे गाव जवळजवळ नामशेष झाले व ८५ जण मृत्युमुखी पडले. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस परिसरातील पॅलिसेड्स व ईटन या दोन वणव्यांत मिळून १६ हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या.

घर पेटते कसे?

ज्वाळांची भिंत चालून येते आणि घर गिळते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक घरे वाऱ्याने उडून आलेल्या निखाऱ्यांमुळे पेटतात. वाळवंटाकडून समुद्राकडे वाहणारे ‘सांता आना’ हे कोरडे वारे निखारे दीड-दोन किलोमीटरपर्यंतही नेऊ शकतात. पन्हळीतील पालापाचोळा, लाकडी छप्पर, माळ्याचे उघडे झरोके येथे ते रुजतात. एक घर पेटले की तेच शेजारच्या घरासाठी इंधन ठरते. म्हणूनच जळालेल्या घराभोवती हिरवी झाडे उभी असल्याचे दृश्य अनेकदा दिसते. घर वाचणार की नाही, हे मुख्यत्वे घराची बांधणी आणि भोवतालचा सुमारे ३० मीटरचा परिसर यांवर ठरते, असे अमेरिकी वनखात्याचे शास्त्रज्ञ जॅक कोहेन यांनी संशोधनातून दाखवून दिले.

पूर्वतयारी

वणवाप्रवण भागात घराभोवती १०० फुटांपर्यंतचे गवत-झुडूप आटोक्यात ठेवणे कॅलिफोर्नियात कायद्याने बंधनकारक आहे. अशा भागांतील नव्या घरांसाठी २००८ पासून आगरोधक बांधकामाचे नियमही लागू आहेत. भिंतीलगतच्या पाच फुटांत जळाऊ लाकूड, वाळकी पाने वा लाकडी कुंपण नसावे. झरोक्यांना बारीक धातूची जाळी, छपराला न जळणारे आच्छादन आणि खिडक्यांना कडक केलेली दुहेरी काच असावी. पन्हळी वेळोवेळी साफ कराव्यात.

विमा हा विषय आता बिकट झाला आहे. २०२२-२३ मध्ये काही बड्या कंपन्यांनी या राज्यात नवे गृहविमे घेणे थांबविले. विम्याची रक्कम आजच्या बांधकामखर्चाला पुरेशी आहे का, हे दरवर्षी तपासणे हिताचे. घरातील वस्तूंची छायाचित्रे अन्यत्र जपून ठेवावीत.

अखेर घरापेक्षा जीव मोलाचा. पॅराडाइजमध्ये बाहेर पडणारे रस्ते वाहनांनी तुंबले होते आणि मृतांत बहुसंख्य वृद्ध होते. औषधे, कागदपत्रे व कपड्यांची पिशवी तयार ठेवावी, निघण्याचे दोन मार्ग ठरवावेत, शेजारच्या एकाकी वृद्धांची जबाबदारी कोणी घ्यायची हे आधीच ठरवावे. घर सोडण्याचा आदेश मिळताच निघावे. धोका वाटल्यास आदेशाचीही वाट पाहू नये.