एका वायसरचा इतिहास

आमच्या अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानात हवा भरायचा उभा पंप होता. त्या पंपाचा सगळा जीव वाटीसारख्या वळवलेल्या चामड्याच्या एका वायसरमध्ये असे. तो सुकला की दांडा नुसताच खालीवर होई, ट्यूबमध्ये हवा जात नसे. मग अब्बा दांडा उपसून काढत, वायसरला खोबरेल तेल चोळत, त्याच्या कडा बोटांनी फाकवत आणि तो पुन्हा आत बसवत. ‘जोर माणसाचा, पण काम वायसरचं,’ असं ते म्हणायचे.

हे वाक्य मला फार उशिरा आठवलं, कुंभार्ली घाटात. दोन वर्षांपूर्वी भर उन्हाळ्यात पाटणकडून चिपळूणला मोटारसायकलने उतरत होतो. मागे मुलगी बसलेली. प्रत्येक वळणावर पुढचा डिस्क ब्रेक दाबत चाललो होतो. निम्म्या घाटात ब्रेकचा लीव्हर एकदम मऊ पडला आणि थेट मुठीला टेकला. गाडी काही थांबेना. खालचे गिअर आणि मागचा साधा ड्रम ब्रेक यांच्या जोरावर कशीबशी कडेला घेतली. अर्धा तास कठड्यावर बसून राहिलो. गंमत म्हणजे तेवढ्यात लीव्हर आपोआप पुन्हा घट्ट झाला! चूक कुणा मेकॅनिकची नव्हती. सहा वर्षांत मी ब्रेकचं तेल एकदाही बदललं नव्हतं. सायकलवाल्याचा मुलगा असून.

आपण मुठीवर लीव्हर दाबतो आणि खाली चाक थांबतं. या दोहोंच्या मध्ये तारही नसते आणि सळईही नसते. असतं ते नळीभर तेल. बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो, हे तत्त्व मांडलं फ्रान्सच्या ब्लेझ पास्कलने. त्याचा हा ग्रंथ छापला गेला १६६३ साली, त्याच्या मृत्यूनंतर वर्षभराने. एक दट्ट्या दुसऱ्याच्या शंभरपट मोठा असेल, तर लहान दट्ट्यावर एका माणसाने लावलेला जोर मोठ्या दट्ट्यावरच्या शंभर माणसांच्या जोराची बरोबरी करेल, असं त्याने दाखवून दिलं.

पण तत्त्व कागदावर असतं, गळती प्रत्यक्षात होते. पुढे सव्वाशेहून अधिक वर्षं गेली. १७९५ साली लंडनच्या जोसेफ ब्रामाने पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं. अडचण एकच होती. दाब वाढला की दट्ट्याच्या कडेने पाणी उसळून बाहेर येई. घट्ट पॅकिंग बसवावं, तर दट्ट्याच अडकून बसे. त्यावरचा तोडगा काढण्याचं श्रेय ब्रामाच्याच कारखान्यातल्या हेन्री मॉडस्ले या तरुण कारागिराला दिलं जातं. हा तोडगा म्हणजे वाटीसारखा वळवलेला चामड्याचा वायसर. आतला दाब जितका जास्त, तितक्या त्याच्या कडा भिंतीला घट्ट चिकटतात. दाब ओसरला की त्या सैल होतात. अब्बांच्या पंपात होता तो याचाच भाऊबंद! पुढे मॉडस्लेने पगारवाढ मागितली, ती मिळाली नाही, म्हणून त्याने ती नोकरी सोडली. प्रेसला नाव मात्र ब्रामाचं राहिलं.

ब्रेकच्या बाबतीतही हेच घडलं. अमेरिकेच्या माल्कम लॉकहीडने १९१७ साली द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचं पेटंट घेतलं. १९२१ मध्ये ड्युसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना असे ब्रेक बसले. पण आतले वायसर कच्च्या चामड्याचे होते आणि ते गळत. क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी चामडं काढून तिथे रबर घातलं आणि १९२४ सालच्या त्यांच्या मोटारीपासून हा ब्रेक सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्यात आला. त्या काळच्या ब्रेक तेलात चक्क एरंडेल आणि अल्कोहोल असायचं, कारण एरंडेलाने रबर फुगत नाही. पेट्रोल किंवा इंजिन ऑइल लागलं तर ते फुगून निकामी होतं.

मोटारसायकलपर्यंत हे यायला १९६९ उजाडलं. त्या वर्षी होंडाची सीबी ७५० पुढच्या हायड्रॉलिक डिस्क ब्रेकसह मोठ्या प्रमाणावर बाजारात आली. आपल्याकडे डिस्क ब्रेक घरोघरी पोचला तो २००१ साली आलेल्या बजाज पल्सरसारख्या गाड्यांमुळे.

मग माझा ब्रेक का गेला? आजचं ब्रेक तेल ग्लायकॉलच्या जातीचं असतं आणि ते हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं ताजं तेल २३० अंश सेल्सिअसच्या आत उकळत नाही. तेच पाणी पिऊन बसलं की मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. घाटात पॅड तापतात, तेलातल्या पाण्याची वाफ होते. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. आपला सगळा जोर त्या बुडबुड्यांत जिरतो. गाडी थंड झाली की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ब्रेक काही झालंच नाही असा वागतो.

त्या रविवारी मी आणि मुलगी अंगणात बसलो. टाकीवर ओलं फडकं टाकलं, कारण हे तेल रंग खातं. मुठीजवळच्या डबीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचंच तेल, सीलबंद बाटलीतलं, आणलं होतं. कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या थोड्या ताज्या तेलात बुडवलं. ‘दाब, धर,’ असं म्हणायचं, पान्याने निपल किंचित सैल करायचा, तपकिरी तेल बाहेर आलं की पुन्हा आवळायचा, मगच ‘सोड’. डबी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर हवा आत जाते. नळीतून स्वच्छ तेल येऊन बुडबुडे थांबेपर्यंत हेच चालू ठेवलं. डिस्कला आणि पॅडला तेलाचा थेंबही लागू दिला नाही. जुनं तेल गटारात न ओतता गॅरेजमध्ये दिलं. गाडीला एबीएस असेल किंवा कुठे गळती दिसली, तर मात्र जाणकाराकडेच जावं. बहुतेक गाड्यांना दर दोन वर्षांनी तेल बदलणं पुरतं.

मुलीने विचारलं, ‘लीव्हर सोडल्यावर आतला दट्ट्या मागे कोण ओढतं? स्प्रिंग तर दिसत नाही.’ ते काम करतं कॅलिपरमधलं रबरी कडं. ब्रेक दाबला की ते दट्ट्याबरोबर जरासं वाकतं, सोडला की सरळ होतं आणि त्याला केसभर मागे खेचतं. गळती थांबवणारंही तेच.

अब्बांना पास्कल किंवा मॉडस्ले ही नावं ठाऊक नव्हती. वायसर सुकण्याआधी त्याला तेल द्यायचं असतं, हे मात्र त्यांना ठाऊक होतं. तेल बदलल्याची तारीख मी आता दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवली आहे.